तिसरा सेट

मी सर्व्हिससाठी चेंडू वर उडवला आणि त्याच क्षणी खेकडा कोसळला.

आधी तो नुसता डुलला. मग दोन्ही नांग्या पसरून मैदानाच्या कडेच्या वाळूत तोंडघशी पडला. स्पंज आणि लाल रेक्झिनच्या त्या खेकड्याच्या पोटात भाई गवंडे नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते. गावच्या नाटकांत कामं करायचे, आणि आमच्या लीगचा शुभंकर व्हायला हौसेने तयार झाले होते. मार्चमधलं दुपारचं ऊन आणि अंगावर रेक्झिन. दुसरं काय होणार?

पंचांनी शिट्टी मारली. खुर्च्यांवर विखरून बसलेले, भेळ खाणारे, फोनवर बोलणारे सगळे प्रेक्षक एकदम उठले. कुणी पाणी आणलं, कुणी टोपीने वारा घातला. एका बाईने बाजाराच्या पिशवीतला कांदा काढला, बुक्कीने फोडला आणि भाईंच्या नाकाशी धरला. भाईंनी डोळे उघडले, एक नांगी वर करून हलवली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

नंतर आम्ही तो सामना जिंकलो. तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत, कारण निम्मे लोक भाईंना पोहोचवायला रस्त्यापर्यंत गेले होते.

"बघितलंस?" मी जेसीला म्हणाले. "आपल्यापेक्षा खेकड्याला भाव आहे."

जेसी हसली नाही. पोटऱ्यांना चिकटलेली वाळू झटकत ती रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिली.

जेसी म्हणजे जेसिंता तुस्कानो, वसईची. मी उज्ज्वला खराडे, कराडकडची. बीच व्हॉलीबॉलमध्ये जाळीच्या एका बाजूला दोघीच असतात. बदली खेळाडू नसतो, मागे उभं राहून सांभाळून घेणारं कुणी नसतं. त्यामुळे जोडीदारीण म्हणजे जवळजवळ लग्नाची बायको. तिचा श्वास लागला की आपल्याला कळतं. निदान मला तसं वाटायचं. तेव्हा आम्ही दोघी तिशीच्या आतबाहेर होतो, आणि या खेळावर पोट भरणाऱ्या देशातल्या मोजक्या बायकांपैकी होतो. पोट भरत होतं ते पारुळेकर सरांमुळे.

दिगंबर पारुळेकर स्वतः जुने राष्ट्रीय खेळाडू. इनडोअर व्हॉलीबॉल खेळून गुडघे गेले, आणि मग त्यांना वाळूचं वेड लागलं. 'किनारा लीग' त्यांचीच कल्पना. दर आठवड्याला नवा समुद्रकिनारा, आठ जोड्या, आणि शेवटचा मुक्काम मालवणच्या दक्षिणेला आडवेळ गावात. पहिल्या वर्षी लोक कुतूहलाने आले. दुसऱ्या वर्षी ते कुतूहल फिटलं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मी सांगतेय त्या वर्षी, सरांना कल्पना सुचायला लागल्या.

माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी स्वतः फावडं घेऊन मैदानातले शिंपले वेचायचे, आमच्या पायांना लागू नयेत म्हणून. पण त्यांच्या कल्पनांनी आमचा जीव नकोसा केला होता. एका गावात त्यांनी सामन्याआधी बायकांसाठी हळदीकुंकू ठेवलं. दीडशे बायका आल्या, वाण घेतलं आणि पहिल्या शिट्टीला उठून गेल्या. दुसरीकडे ऑर्केस्ट्रा आणला. लोक इतके रमले की दोन सेटमधल्या गाण्याला 'वन्स मोअर' मिळाला आणि आम्ही अंगावरचा घाम वाळेपर्यंत उभ्या राहिलो. तिसऱ्या गावात लकी ड्रॉमध्ये मिक्सर होता. सोडत सामन्याच्या शेवटी म्हणून लोक थांबले खरे, पण दर पॉइंटला मागून आवाज यायचा, "आटपा गो, आटपा!" मध्येच लाल चेंडूची भानगड निघाली. लाल चेंडू आला की पॉइंट दुप्पट. पंचांनाच ते आठवेना, मग तो चेंडू गेला खेकड्याच्या हातात. आणि या सगळ्यावर माइक घेतलेला बाळा मेस्त्री. आवाज खणखणीत, पण आयुष्यभर क्रिकेटच्या सामन्यांचं धावतं वर्णन केलेलं. मी जाळीवरून स्मॅश मारला की हा ओरडायचा, "आणि हा सणसणीत चौकार!"

"सर, लोकांना खेळ समजावून सांगा," मी एकदा वैतागून म्हणाले. "वारा कुठून येतोय, आम्ही पाठीमागे बोटांनी काय खुणा करतो, दोघीच का असतो. कळलं तर बघतील."

"पब्लिकला खेळ नको असतो, बाय," सर म्हणाले. "पब्लिकला गोष्ट हवी असते."

आडवेळला ती गोष्ट त्यांना सापडली.

उपांत्य फेरीत आमच्यासमोर केरळची जोडी यायची होती. त्यांच्यातल्या एकीचा घोटा मुरगळला. नियमाने आम्ही थेट अंतिम फेरीत जायला हव्या होतो. संध्याकाळी खानावळीत आम्ही बांगड्याची कढी आणि भात जेवत होतो, तेवढ्यात सर आले. चेहरा असा फुललेला, की माझा घास तोंडातच फिरला.

"गावातल्या दोन पोरी खेळणार," ते म्हणाले. "रोशनी कुबल आणि चैताली तांडेल. कॉलेजच्या टीममध्ये असतात. मासेमारी करणाऱ्यांच्या मुली, समुद्राच्या काठावर वाढलेल्या. उद्या बघ गाव कसं लोटतं ते!"

"सर, त्या सहा जणींत, सिमेंटवर खेळणाऱ्या," मी म्हणाले. "वाळूत दोघींनी खेळणं वेगळं असतं. आम्ही त्यांना पंधरा मिनिटांत गुंडाळू. त्यांची शोभा होईल आणि आमचीही."

"म्हणूनच तर बोलायला आलो." सरांनी खुर्ची पुढे ओढली. "उद्या मसाल्यांच्या कंपनीचे साहेब येतायत. पुढच्या वर्षी नाव द्यायचं की नाही, ते बघायला. सामना जरा रंगायला हवा. हरा असं मी म्हणत नाही हं! हरू नकाच. फक्त तिसरा सेट व्हायला हवा."

"म्हणजे एक सेट सोडायचा."

"सोडायचा कशाला? जरा हात सैल."

"सर, एवढंच असेल तर भाईंना खेकडा घालून माझ्याजागी उभे करा. मी खेळायला आले की खेळणार. हात सैल करायला मी काय पत्त्यांचा डाव मांडलाय?"

सरांनी माझा नाद सोडला. त्यांनी जेसीकडे पाहिलं. ती बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला नीट लावत होती. ती काही बोलली नाही. मीही तिला काही विचारलं नाही. तिचं मत माझंच असणार, हे मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी खरोखरच गाव लोटलं.

मी तसं दृश्य आधी कधी पाहिलं नव्हतं. दुपारीच बाजार उठला. बायका रिकाम्या टोपल्या उपड्या घालून त्यांवर बसल्या, कारण खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. ओढून ठेवलेल्या होड्यांच्या काठांवर माणसं ओळीने बसली होती, सुरूच्या झाडांवर चढली होती. रोशनीच्या कॉलेजची पोरं ताशा घेऊन आली होती. आम्ही मैदानात उतरलो तेव्हा आमच्यासाठीही ओरडले लोक. कुणासाठी हे त्यांनाही माहीत नसावं. आलेच होते, तर ओरडत होते.

जेसी सीमारेषेच्या दोरीजवळ उभी राहिली. वाळूत पाय घासणं, खांदे सैल करणं, हे तिचं नेहमीचं काही चाललं नव्हतं. नुसती बघत होती.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "किती आहेत."

समोरून दोघी आल्या. चैताली घाबरलेली, सारखी ओढणीला हात लावायला जाणारी आणि ओढणी नाही हे आठवून हात खाली घेणारी. रोशनी काळीसावळी, उंच, रुंद खांद्यांची. तिने हात मिळवला तो चांगला आवळून, आणि डोळ्यांत बघून.

पहिला सेट मी म्हणाले होते तसाच झाला. पोरी जीव तोडून धावत होत्या, पण वाळूत पाय रुतले की चेंडू हातभर पुढे पडायचा. वाऱ्याचा त्यांना अंदाज होता, जाळीजवळच्या हलक्या टपल्यांचा नव्हता. जेसीची सर्व्हिस त्या दिवशी अशी काही लागली होती की चैतालीच्या हातात ती एकदाही नीट बसली नाही. एकवीस-आठ. ताशा पहिल्यांदा जोरात वाजत होता, मग अधूनमधून, मग वाजेनासा झाला. बाळा मेस्त्रीलासुद्धा चौकार सुचेनात.

सेट संपला तसे लोक उठायला लागले. मला त्यात नवल वाटलं नाही. तेवढी सवय झाली होती. माणूस उठतो, मागची वाळू झटकतो, शेजाऱ्याला काहीतरी म्हणतो आणि निघतो. मंडपात मसाल्यांचे साहेबही उठले. सर त्यांच्यामागे गाडीपर्यंत जवळजवळ पळतच गेले. नंतर कळलं, साहेबांना गोव्याहून विमान गाठायचं होतं. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता, ते पहिल्या सेटनंतरच निघून गेले.

दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला रोशनीने एक अवघड चेंडू झेपावून उचलला, तसा गावाने गलका केला, चैतालीने कसाबसा उडवला, आणि तो आमच्या दोघींच्या बरोबर मध्ये आला. मी ओरडले, "माझा!" जेसीही त्याच चेंडूवर आली. आमचे खांदे एकमेकींवर आपटले आणि चेंडू मध्ये पडला. गावाने एकच आरोळी ठोकली. निघालेले लोक थांबले, वळले. ताशा पुन्हा सुरू झाला.

"मी कॉल दिला होता!" मी म्हणाले.

"हो," जेसी म्हणाली. ती प्रेक्षकांकडे बघत होती.

पुढची तिची सर्व्हिस रेषेबाहेर गेली. होतं असं. मग एक सोपा चेंडू तिच्या हातांवरून मागे निसटला. मग तिने जाळीवरून मारला तो थेट रोशनीच्या हातात, अलगद, जणू ताटात वाढावा तसा. गाव बेभान झालं. होड्यांवरची माणसं उभी राहून फळ्यांवर पाय आपटत होती. बाळा मेस्त्रीचा आवाज बसला.

बाजू बदलताना मी तिला जाळीच्या खांबाशी गाठलं. "खांदा दुखतोय का?"

"नाही."

"मग?"

"वारा फिरलाय, उजू."

वारा तसूभरही फिरला नव्हता. सुरूची झाडं सकाळपासून एकाच बाजूला वाकली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरांनी हिला गाठलं असणार, मला वगळून गाठलं असणार. मी एकटीने तो सेट ओढायचा प्रयत्न केला. जमेल तिथे धावले, तिच्या वाटणीचेही चेंडू घेतले. पण दोघींच्या खेळात एकटीने ओढायला वाव कुठे असतो? सेट त्यांचा झाला. चैताली आनंदाने रडायला लागली. रोशनी रडली नाही. ती कमरेवर हात ठेवून, भुवया आवळून जेसीकडे बघत होती.

तिसरा सेट पंधराचा असतो. पहिले पाचही पॉइंट त्यांना गेले. त्यांतले तीन जेसीने दिले. पुन्हा बाजू बदलताना रोशनी आमच्या वाटेत उभी राहिली.

"तुमी मुद्दाम सोडतास," ती जेसीला म्हणाली.

"नाही गं. तुम्ही चांगल्या खेळताय."

"पयल्या सेटात तुमची सर्व्हिस आमका दिसाक नाय. आता खंय गेली ती?"

पंचांनी शिट्टी मारली. जेसी मान खाली घालून पुढे गेली.

सर्व्हिस रोशनीची होती. तिने चेंडू हातात घेतला, आमच्याकडे बघितलं, आणि काहीही जोर न लावता सरळ जाळीत मारला. लोक हळहळले. सर्व्हिस आमच्याकडे आली. जेसीने मारली ती पार मागच्या टोपल्यांपर्यंत गेली. मग चैतालीची सर्व्हिस. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं, तिने मनापासून मारली. जेसीने चेंडू वर काढून दिला, मी स्मॅश मारला आणि तो रोशनीच्या अंगावरून गेला. ती हललीसुद्धा नाही. हाताची घडी घालून उभी. पुढच्या वेळी चैतालीने तिला सुंदर चेंडू उडवून दिला, तर तिने तो वळून समुद्राकडे भिरकावला. लाटेत जाऊन पडला. दोघंतिघं तो आणायला कपड्यांसकट पाण्यात शिरले.

"रोशने, याड लागला काय तुका?" चैताली किंचाळली.

मी आयुष्यात खूप विचित्र सामने खेळले. पण जाळीच्या दोन्ही बाजूंनी दानधर्म चाललाय, एक देतेय म्हणून दुसरी परत करतेय, आणि हजारभर माणसं घसा फोडून ओरडतायत, असा प्रकार तो एकच. ओला चेंडू माझ्या हातात आला. सर्व्हिस माझी होती. मी ती केली नाही. टाइम-आउट मागितला आणि तावातावाने जाळीपाशी गेले.

"इकडे या! तिघीही या!"

तिघी आल्या. मी ओला चेंडू काखेत मारला. "कुणाला खेळायचंय का इथे? नसेल तर स्पष्ट सांगा. मी बॅग उचलते आणि कराडची एसटी धरते. अख्खा मोसम मी हळदीकुंकू सोसलं, ऑर्केस्ट्रा सोसला, खेकडा सोसला. हे नाही सोसणार. आज पहिल्यांदा माणसं खेळाकडे बघतायत, आणि बघायला खेळच नाही!"

रोशनी जाळीच्या अगदी जवळ आली.

"बाई, तुमका राग इलो तो बरोबर हा," ती मला म्हणाली. मग टोपल्यांवर बसलेल्या आपल्या आईकडे बोट दाखवत जेसीकडे वळली. "माझी आवस थंय बसली हा. आज तिना बाजार सोडल्यान. उद्या बाजारात तिका लोक विचारतले, तुझा चेडू कसा खेळला? ती काय सांगतली? भायरच्या बाईन दया केल्यान, म्हणान जिकला? माका हरवा. पन सरळ हरवा."

चैतालीचं तोंड उघडंच राहिलं. तिला आत्ता कळत होतं. तिने जेसीकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते आनंदाचं नव्हतं. माझ्या मते जेसीला त्या दिवशी लागलं ते हेच.

"हरवते," जेसी म्हणाली. मग चैतालीकडे बघून पुन्हा म्हणाली, "सरळ हरवते."

मी सर्व्हिस केली. त्यानंतर त्या मैदानावर जो खेळ झाला, त्याचं वर्णन करायला मला आवडतं, म्हणून थोडं करते. जेसीचे डोळे बदलले. तिची पुढची सर्व्हिस वाऱ्यावर तरंगत गेली आणि ऐन वेळी खाली कोसळली. पॉइंट आमचा. पुढचाही. त्याच्या पुढचाही. गाव कुरकुरायला लागलं. "काय झाला गो पोरींका?" मागचे पुन्हा उठायला लागले. मला वाटलं, झालं, संपलं.

मग तो पॉइंट आला. मी स्मॅश मारला, रोशनीने पोटावर घसरत उचलला. पुन्हा मारला, चैतालीने एका हाताने काढला. जेसीने कोपऱ्यात हलकीच टपली दिली. रोशनी वाळू उडवत पोहोचली. चेंडू जाळीवरून किती वेळा गेला आला मला ठाऊक नाही. माझ्या छातीत आग होत होती. उठलेले लोक उभ्याचे उभेच राहिले. शेवटी जेसी आणि रोशनी जाळीवर एकाच वेळी उडाल्या, आणि रोशनीने चेंडू जेसीच्या बोटांवरून, जेमतेम, मागच्या रेषेवर टाकला.

जो आवाज झाला तो पोरींनी दुसरा सेट जिंकल्यावरही झाला नव्हता. बाळा मेस्त्रीने माइक खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. त्याला चौकार, षटकार काही आठवलं नाही.

आम्ही पंधरा-दहा असा तो सेट जिंकलो. त्यांनी त्यातले शेवटचे चार खरे कमावले होते, आणि प्रत्येकाला ताशा वाजला.

सर धावत आले. गाडी गेल्याचं दुःख चेहऱ्यावर होतं, पण त्यावर आनंद तरंगत होता. "तीन सेट! आणि वर ते जाळीवरचं भांडण! उजू, काय टाइमिंग होतं तुझं! मी म्हणतो, पुढच्या वर्षी असं एक भांडण दर सामन्यात..."

"सर," मी म्हणाले, "तुम्ही आत्ता माझ्यासमोरून जा."

ते गेले. त्यांना खरोखर काहीच कळलं नव्हतं.

पाय धुवायला आम्ही नळावर गेलो तेव्हा सूर्य टेकला होता. मैदानावर फक्त उपडी टोपली एक राहिली होती कुणाचीतरी. मी ठरवलं होतं, आज जोडी मोडायची.

"सरांनी तुला वेगळं गाठलं होतं ना?" मी विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नकोस आता. निदान मला तरी."

"खरंच नाही, उजू. सरांचं म्हणणं मी खानावळीतच सोडून दिलं होतं." तिने नळ बंद केला. "दुसऱ्या सेटमधला तो पहिला चेंडू आठवतो? आपली टक्कर झाली तो?"

"मी 'माझा' म्हणून ओरडले होते."

"मला ऐकूच आलं नाही."

"तीन हातांवर होते मी!"

"तेच तर." ती ओल्या हातांकडे बघत म्हणाली. "अकरा वर्षं खेळतेय. मला नेहमी सगळं ऐकू येतं. तुझा कॉल, तुझा श्वास, पंच जांभई देतो ते, भेळवाला पलीकडे कांदा चिरतो ते. आज पहिल्यांदा, माणसांच्या आवाजात मला माझी जोडीदारीण ऐकू आली नाही. माझ्या अंगावर काटा आला गं. आणि त्याआधीच मी बघितलं होतं, ते उठत होते, वाळू झटकत होते. म्हटलं, थोडा वेळ. आणखी एक पॉइंट थांबू देत. मग आणखी एक. मला जिंकायचं नव्हतं, हरायचं नव्हतं. मला फक्त ते संपायला नको होतं."

तिच्यावर ओरडायला मी दुपारपासून शब्द गोळा केले होते. त्यातला एकही कामाचा नव्हता. हळदीकुंकवाच्या बायका उठून जाताना मी चिडत होते, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या हिला काय वाटत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"त्या पोरीची तू माफी मागायला हवीस," शेवटी मी एवढंच म्हणाले.

"जाऊन आले. तू बॅग भरत होतीस तेव्हा." जेसीने चपला पायांत सरकवल्या. "तिच्या आईने चहा दिला. मग चांगलं झाडलं मला. पोरीने सगळं सांगितलंय तिला. म्हणजे आता गावाला सांगितल्यासारखंच."

लीग त्याच्या पुढच्या वर्षी झाली, मसाल्यांशिवाय, कशीबशी. त्यानंतर झाली नाही. पारुळेकर सरांनी शेवटपर्यंत कल्पना सोडल्या नाहीत. लीगने त्यांना सोडलं. पण मला आडवेळ म्हटलं की दुसऱ्या दिवशीची अंतिम फेरी आठवते.

त्या दिवशी गाव आलं नाही. गावच्या पोरी नव्हत्या, गाव कशाला येईल? ताशा नव्हता, होड्या समुद्रात गेल्या होत्या. समोर चेन्नईची तगडी जोडी. खुर्च्यांवर नेहमीसारखे विखुरलेले चार लोक. मी जेसीकडे बघायचं टाळत होते.

पहिली सर्व्हिस जेसीची. ती रेषेमागे गेली, आणि बाजाराच्या वाटेने आठ-दहा कोळणी आल्या, मासे विकून, हातावरची खवलीही न धुता. पुढे रोशनी आणि चैताली. त्या सगळ्या अगदी पुढच्या रांगेत येऊन बसल्या. मधली जाडजूड बाई, रोशनीची आई, पदर खोचत उभी राहिली आणि बाजारात भाव करतात त्या आवाजात ओरडली,

"गे वसईवाले! आज फुकट काय वाटू नको हां!"

सगळ्या फिसकन हसल्या. चेन्नईच्या दोघींना काही कळलं नाही. पंचांनी शिट्टी तोंडात धरून मान फिरवली. जेसीचे कान लाल झाले. क्षणभर मला वाटलं, ही आता चेंडू टाकून जाते. पण ती हसत होती. इतकी, की तिला चेंडू पुन्हा धरावा लागला. मग तिने तो उंच उडवला, अंग ताणून मारला, आणि तो वाऱ्यावरून जाऊन पलीकडे, दोघींच्या मध्ये, कुणाचाही हात न लागता पडला.

"ह्या बरा," पुढच्या रांगेतून आवाज आला. "आता असाच खेळ. आमका घाई नाय."